मचाण निवडताना

शिरूर तालुक्यातल्या आमच्या निमोण्यात मचाण म्हटलं की जुन्या माणसांना ज्वारीच्या रानातला माळा आठवतो. चार मेढी, वर बाज, डोक्यावर कडब्याची सावली आणि हातात गोफण. मालदांडी हुरड्यात आली की पाखरं राखायला घरातलं कुणीतरी दिवसभर त्यावर असायचं. घोड नदीच्या पाण्यावर ऊस वाढला, ज्वारी मागं सरली आणि माळेही कमी झाले. माझं काम झाडावरच्या मचाणांचं आहे. उन्हाळ्यात पाणवठ्यावर निरीक्षणाला किंवा फोटोसाठी बसणाऱ्यांना मी मचाणं बांधून देतो, चढउतार शिकवतो.

मचाणाचं नाव शिकारीशी जोडलेलं आहे, हे खरंच. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेटनं 1926 च्या मे महिन्यात मारला, तो आंब्यावरच्या मचाणावरूनच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची शिकारीची हौस संपवली. आता मचाणावर माणूस चढतो तो बुद्धपौर्णिमेच्या रात्री, वनखात्याच्या ‘निसर्गानुभव’ उपक्रमात. वाघांची शास्त्रीय मोजणी कॅमेरा ट्रॅपवर गेली. मचाण उरलं ते पाहण्यासाठी.

अमेरिकेत हरणांचे शिकारी खोडावर स्वतःच चढत जाणारं मचाण वापरतात. त्याचे दोन भाग असतात, एक बसण्याचा आणि एक पायाखालचा. दोन्ही खोडाला कवटाळतात. वरचा सरकवायचा, त्यावर भार द्यायचा, मग पायानं खालचा ओढून घ्यायचा. नारळावर चढायच्या यंत्राचं तत्त्वही साधारण हेच. काहीजण हे मचाण परदेशातून मागवतात आणि मग मला विचारतात, कुठल्या झाडाला लावू? त्याला सरळसोट, बिनफांदीचं खोड लागतं. आपल्याकडं बाभूळ वाकडी, चिंचेला आणि लिंबाला खालूनच फांद्या. सरळ असते ती निलगिरी, पण तिची साल गुळगुळीत आणि सोलून निघणारी, म्हणजे पकड सुटायची भीती. तेव्हा त्यावर पैसे घालू नका. फांद्यांच्या बेचक्यात बांधलेलं मचाण आणि भक्कम शिडी हेच आपल्या झाडांना मानवतं.

झाड निवडताना चिंच पहिली. लाकूड चिवट, फांद्या जाड. लिंबही चालतो, मे महिन्यात त्याला नवा पाला असतो, आडोसा आपोआप मिळतो. शेवगा, पांगारा आणि जांभूळ टाळा, त्यांची फांदी सूचना न देता मोडते. वड-पिंपळावर आधी आग्या मोहोळ आहे का बघा. वीजवाहिनी जवळ असेल तर ते झाड सोडून द्या.

उन्हाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेचा. म्हणून पाणवठ्याच्या पूर्वेला, जरा ईशान्येला सरकून बसावं. आपला वास पाण्याकडं जात नाही, मावळतीचं ऊन थेट डोळ्यांवर येत नाही आणि पौर्णिमेचा चंद्र पाठीमागून उगवून पाणी उजळतो. दहा-बारा फूट उंची पुरते. त्याहून वर गेल्यानं प्राणी जास्त दिसत नाहीत, पडल्यावर मार मात्र जास्त लागतो.

आरामाचा प्रश्न मांडीच्या मागच्या बाजूला असतो. फळीची पुढची कड टोकदार असेल आणि पाय अधांतरी असतील, तर थोड्याच वेळात पायाला मुंग्या येतात. अशा बधिर पायानं शिडीवर उतरायला जाणं म्हणजे पडायची तयारी. म्हणून कड गोल घासून घ्या, पाय टेकायला आडवी दांडी बांधा, पाठीला खोड असू द्या. फळ्यांच्या सांध्यात गोणपाट घातलं की करकर थांबते. झाडात खिळे ठोकू नका आणि हंगाम संपला की दोर सोडा, नाहीतर वाढत्या फांदीला काच पडतो.

माणूस बसलेला असताना सहसा पडत नाही. तो पडतो चढताना, उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना. म्हणून जमिनीवर असतानाच हार्नेस चढवावा. कमरेचा नुसता पट्टा नको, खांदे आणि मांड्या दोन्हींना धरणारा पूर्ण हार्नेस हवा. बांधकामावर वापरतात तो चालतो. वरून एक दोर खाली सोडायचा, त्यावर प्रुसिक गाठ मारून ती हार्नेसला जोडायची. सह्याद्रीत चढाई करणाऱ्या पोरांना ती ठाऊक आहे. गाठ हातानं सरकते, झटका बसला की आवळते. वर पोचल्यावर हार्नेसचा पट्टा खोडालाच बांधा, मचाणाला नव्हे, आणि तो डोक्याच्या वर, फारशी ढील न ठेवता. हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळणंही घातक, कारण पायात रक्त साचून शुद्ध हरपू शकते. पाय टेकवायला दोराचा एक फास खिशात ठेवा. कॅमेऱ्याची पिशवी पाठीवर घेऊन चढू नका, वर बसल्यावर दोरानं ओढून घ्या. आणि वळवाचा गडगडाट ऐकू आला की लगेच खाली उतरा, झाडाखालीही थांबू नका.

शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो, उसात बिबट्या आहे. ‘झाडावर मचाण बांधून रात्री राखण करू का?’ असं शेतकरी विचारतात. माझं उत्तर नाही असंच आहे. बिबट्या आपल्यापेक्षा चांगला झाडावर चढतो, मचाण त्याच्यापासून संरक्षण देत नाही. तो दिसला तर वनखात्याच्या 1926 क्रमांकावर कळवा.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला मचाणावर जाणार असाल, तर नव्या लेन्सच्या आधी हार्नेस घ्या, आणि तो घालून दिवसाउजेडी दोनदा चढून-उतरून बघा.