बांधावरचं इंग्रजी

गेल्या आषाढातली गोष्ट. पावसाची झड लागली होती. आमच्या मलकापूरकडचा पाऊस एकदा धरला की आंबा घाटाच्या बाजूचे डोंगर आठ-आठ दिवस दिसत नाहीत. रानात भाताची रोपलावण चालली होती आणि घरात माझी नात सोप्यात बसून शाळेचा अभ्यास करत होती. ती इंग्रजी माध्यमात दुसरीला आहे. 'माय फार्म', म्हणजे 'माझं शेत', याचं चित्र काढून खाली पाच वाक्यं लिहायची होती.

चित्र सुरेख होतं. लाल रंगाचं मोठं लाकडी कोठार, पांढरं कुंपण, रुंद काठाची टोपी घातलेला शेतकरी, एक गुलाबी डुक्कर, दोन बदकं आणि वर हसणारा सूर्य.

"कुणाचं गं हे शेत?" मी विचारलं.

"आपलंच की, आजोबा!"

आमच्या दोन म्हशी त्यात नव्हत्या, खाचरं नव्हती, पोत्याची खोळ पांघरून चिखलात वाकलेली तिची आई नव्हती. पाऊसही नव्हता. पुस्तकात आणि मोबाईलवरच्या इंग्रजी गाण्यांत शेत तसंच असतं, तेव्हा पोरीचं काय चुकलं? मी हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर हसू गेलं. कारण असलं एक चित्र मीही काढलं होतं, आणि तेही कागदावर नव्हे, शेतात.

माझी इंग्रजीशी गाठ पडली पाचवीत. आमच्या वेळी ते पाचवीपासूनच असे. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. कुणाची तरी जुनी, पानं सुटलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मिळाली होती, ती कंदिलाच्या उजेडात घोकायची. रेडिओवर क्रिकेटचं इंग्रजी समालोचन लागलं की कळो न कळो, कान लावून बसायचं. पुढं कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात गेलो. तिथं सगळी शेती इंग्रजीत. भाताला 'पॅडी', फुटव्याला 'टिलर'. जन्मापासून हातात असलेल्या वस्तूंची नवी नावं पाठ करताना वाटायचं, आता कुठं खरं समजायला लागलं. जुनं नाव ते अडाणीपण, नवं नाव ते शास्त्र. असं कुणी मास्तरांनी शिकवलं नव्हतं हो. ते आपोआपच डोक्यात बसत जातं.

तणांचा अभ्यास करताना नमुने गोळा करून, वाळवून वहीत चिकटवायचे होते. सुट्टीत घरी येऊन मी बांधावरचं कुर्डू आणि टाकळा उपटू लागलो. आईला वाटलं, पोराला भाजी न्यायची आहे. तिनं कोवळी बघून मोठी जुडी बांधून दिली. मी वहीत लिहिलं, 'सेलोशिया अर्जेन्टिया, वीड'. 'वीड' म्हणजे तण. मार्क चांगले पडले.

आता पुढचं सांगायला जरा जड जातं. पदवी घेऊन मी १९९० साली घरी आलो. नोकरीचा हुकूम यायचा होता. मृगाचा पाऊस होऊन बांध हिरवेगार झाले होते. माझ्या डोळ्यांना ती घाण दिसत होती. पाठीवरचा पंप घेतला आणि 'टू-फोर-डी' हे तणनाशक सगळ्या बांधांवर मारून मोकळा झालो. रुंद पानांची तणं त्यानं मरतात, हे मला परीक्षेपुरतं नव्हे तर चांगलं ठाऊक होतं. जाणारे-येणारे थांबून बघत होते आणि मीही जरा ताठ चालत होतो.

तिसऱ्या प्रहरी आई टोपली घेऊन बांधाकडं निघाली तेव्हा मी म्हणालो, "आज औषध मारलंय." ती जागीच थांबली. "आरं, सकाळधरनं बायका भाजी खुडत्यात तिथं!"

आमच्या बांधावर वाडीतल्या मजुरी करणाऱ्या दोघी-तिघी रोज भाजी खुडायच्या. आषाढात त्यांच्या घरी दुसरं कालवण कुठलं असणार? मी चिखलातून धावत सुटलो. दोघींनी नुसतं खुडून ठेवलं होतं. तिसरीच्या चुलीवर भाजी शिजली होती आणि पोरं थाळ्या घेऊन बसली होती. मी भांडं उचललं आणि दारात पालथं केलं. ती बाई मला काहीच बोलली नाही. पोरांना तिनं मीठ आणि भाकरी वाढली. ते मला आजही दिसतं.

मी आधी कुणाला सांगितलं का नाही? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. आळस नव्हता की मस्ती नव्हती. मला सुचलंच नाही. कारण वीड कुणी खात नसतं. नको तिथं उगवलेलं रोप म्हणजे तण, अशी व्याख्या मी पाठ केली होती. नको ते कुणाला, हे त्यात नव्हतं. टाकळ्याची भाजी खाऊन मी वाढलो होतो, तरी त्या एका शब्दापुढं माझं पोटसुद्धा ते विसरलं होतं. त्या वर्षी आमच्या बांधावर श्रावणातही भाजी झाली नाही. आई आमटी-भात वाढायची आणि गप्प बसायची.

नोकरी लागल्यावरही खोड लगेच गेली नाही. एका गावच्या सभेत मी 'फील्ड कपॅसिटी'वर अर्धा तास बोललो. मंडळी आदरानं माना डोलवत होती. शेवटी एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "सायेब, म्हंजी वाफसाच न्हवं का?" माती पायाला चिकटत नाही आणि ढेकूळही धरत नाही, ओल आहे आणि हवाही आहे, अशी पेरणीजोगी जमीन. हे सगळं त्या एका शब्दात आहे आणि पुस्तकातला शब्द फक्त जमिनीनं किती पाणी धरलं तेवढंच सांगतो. सभेत हशा झाला, त्यात मीही हसलो. पण न विचारता माना डोलवून गेलेल्यांनी काय नेलं असेल, याची काळजी तेव्हापासून लागली. साहेब इंग्रजी बोलतो म्हणजे बरोबरच असणार, हा समज ऐकणाऱ्याचंही नुकसान करतो.

नाचणीचंच बघा. आमच्या पुस्तकात ती 'कोर्स ग्रेन', म्हणजे भरड धान्य. त्या नावामुळं शिकलेल्या घरांतून नाचणीची भाकरी हळूहळू उठली. आमच्याही घरी पाहुणे आले की आई ती झाकून ठेवायची. मग एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारनं या धान्यांना 'न्यूट्री सीरिअल्स', म्हणजे पौष्टिक तृणधान्य, असं नाव दिलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष तृणधान्यांचं म्हणून पाळलं. टीव्हीवर, मोबाईलवर नाचणीच नाचणी! नाचणी तीच. शंभर ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम तिच्यात तेव्हाही होतं आणि तांदळात दहाच्या आसपास. फरक पडला तो इंग्रजी नावात. आता शहरचे पाहुणे मुद्दाम नाचणीची भाकरी मागतात आणि आई माझ्याकडं बघून हसते. रानभाज्यांचे महोत्सव तर आमचंच खातं भरवतं. मी तिथं टेबलामागं उभा राहून कुर्डूचे गुण सांगतो, आणि सांगताना दारात पालथं केलेलं ते भांडं आठवतं.

यावरून मी इंग्रजीच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. औषधाच्या डब्यावरचं बारीक लिखाण वाचता आलं म्हणून मी कित्येकांना वेळेत सावध करू शकलो. आणि माझे डोळे पुरते उघडले तेही एका इंग्रजी पुस्तकानंच. रेचल कार्सन या अमेरिकन बाईंनी १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' लिहिलं. फवारणीच्या विषांनी पाखरं, माणसं, माती यांचं काय होतं, ते त्यात आहे. रस्त्याकडेच्या झाडाझुडपांवर तणनाशक मारणाऱ्यांवरही त्यांनी सविस्तर लिहिलं आहे. मला ते पुस्तक चाळिशीत मिळालं. वाचताना वाटलं, बाई आमच्या बांधावर येऊन गेल्या की काय! हे कॉलेजातच हाती पडतं तर? पण तेव्हा आम्ही इंग्रजी वाचत होतो ते परीक्षेत येईल तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली, तसा नातीला घेऊन बांधावर गेलो. आईही काठी टेकत आली. अठ्ठ्याहत्तरी गाठली तरी खुडताना तिचा हात अजून चुकत नाही. पणजीनं दाखवायचं आणि पणतीनं खुडायचं, असा तासभर कार्यक्रम चालला. घरी येऊन पोरीनं दुसरं चित्र काढलं. म्हशी आल्या, खोळ आली, पाऊस तर इतका आला की निळा खडू संपला. बदकं मात्र तिनं सोडली नाहीत.

वाक्यं लिहिताना ती अडली. "आजोबा, कुर्डूला इंग्रजीत काय म्हणतात?"

मला दोन नावं येत होती. मी म्हणालो, "कुर्डूच लिही."

तिनं इंग्रजी अक्षरांत तसं लिहिलं. शाळेत बाईंनी विचारलं, हे काय असतं? तिला सांगता येईना, म्हणून सोमवारी ती डब्यात कुर्डूची भाजी आणि भाकरी घेऊन गेली. संध्याकाळी डबा रिकामा आला. कुणी-कुणी खाल्लं, ते तिनं पणजीला कानात सांगितलं. मला अजून कळलेलं नाही.