पुरातून वाचलेलं कपाट



22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी महाडमध्ये शिरलं. प्लायवूडची कपाटं फुगून उकलली, सागवानी टिकली. त्यातलंच एक जुनं कपाट सासूबाईंच्या खोलीसाठी आम्ही पोलादपूरला आणलं. कीड नाही ना, हे आधी फळी फळी पाहून घेतलं.

सुतारदादा म्हणाले, "लाखेचं पॉलिश मारू." लाख काढताना असंख्य किडे मरतात, म्हणून नको म्हटलं. रंगाचे बरेच ब्रशही डुकराच्या केसांचे असतात. विचारूनच घ्या हं! आम्ही नायलॉनचा आणला. पॉलिश पेपरने घासून पाण्यात कालवायचा पांढरा रंग दिला. दारांवर आंब्याची पानं सासूबाईंनीच काढली.

आतली गाळाची रेघ मात्र त्यांनी रंगवू दिली नाही. "ती त्या घरची आहे," म्हणाल्या.