साताऱ्याचे कपडे सांगलीत

साताऱ्यात कुणाचा ड्रेस कुणी शिवला, कुठल्या दुकानातून घेतला, दिवाळीचा की भावाच्या लग्नातला, हे शेजारणीला माहीत असतं. छेडछाड झाली तेव्हा अंगावर जे होतं, त्या कपड्यांचं प्रदर्शन लावायचं आम्ही ठरवलं, तेव्हा पहिली अडचण हीच आली.

कल्पना आमची नव्हती. बंगळुरूत जसमीन पथेजा यांनी 2003 मध्ये ‘ब्लँक नॉइज’ सुरू केलं. रस्त्यावर त्रास झाला तेव्हा घातलेला कपडा घेऊन या, असं ते बायकांना सांगतात. ‘तू काय घातलं होतंस?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून तो कपडाच समोर ठेवायचा. आम्हाला ते पटलं. आमच्यात दोन शिक्षिका, एक नर्स आणि एक शिवणकाम करणारी ताई. दिवस ठरवला 3 जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. त्यांचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं. शाळेत जाताना लोक शेण-चिखल मारायचे म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं न्यायच्या. अंगभर लुगडं नेसलेल्या बाईला रस्त्यात त्रास झाला, हे इथं कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

ओळखीच्या दुकानात एक खोकं ठेवलं. ते रिकामंच राहिलं. मुली येऊन बोलायच्या, पण कपडा देत नव्हत्या. “मॅडम, तो ड्रेस आईनं लगेच ओळखला तर?” एकीनं सांगितलं, त्याच आठवड्यात फडकं करून टाकला. घरी यातलं काही माहीत नाही, असं जवळजवळ प्रत्येकीचं म्हणणं. मला वाटलं, हे होत नाही, सोडून द्यावं.

मार्ग सुचवला सांगलीच्या मैत्रिणीनं. ती म्हणाली, “अगं, तुमचे कपडे इकडे टांगू, आमचे तिकडे न्या.” इतकं साधं होतं. सांगलीत साताऱ्याचा ड्रेस कोण ओळखणार? शिवाय मूळ कपडाच पाहिजे असं नाही, तसाच दुसरा चालेल, हेही जाहीर केलं. मग गाठोडी भरायला लागली आणि कराडमार्गे एसटीनं इकडून तिकडे गेली.

काय काय आलं ते सांगते, कारण सगळं काम त्या कपड्यांनीच केलं. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलीचा ट्रॅकसूट, वर स्वेटर आणि कानटोपी. हळदीच्या गोदामात काम करणाऱ्या मावशींचं पिवळं पडलेलं नऊवारी. नर्सचा पांढरा ड्रेस. बुरखा. ऊसतोडीला आलेल्या बाईचा साडीवर घालायचा पुरुषी शर्ट. एक रेनकोट. एक जीन्स आणि टी-शर्ट, तोही होता. सर्वांत लहान होता शाळेचा फ्रॉक. तो देणारी बाई आता चाळिशीची आहे. फ्रॉक दोरीला लावताना माझा हात थांबला. मग शिवणकामवाल्या ताईंनीच तो लावला.

प्रत्येक कपड्याला चिठ्ठी. त्यावर तेव्हाचं वय, वेळ आणि ढोबळ ठिकाण, म्हणजे ‘बसमध्ये’, ‘बांधावर’, ‘लग्नाच्या मांडवात’ एवढंच. गावाचं नाव नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळ्या चिठ्ठ्या आमच्यातल्या एकीनं पुन्हा लिहिल्या. गणवेशांवरचे बिल्ले, टाय, पट्टे काढून टाकले.

एका संस्थेनं हॉल देतो म्हणून आयत्या वेळी नकार दिला. “गावाची बदनामी कशाला?” हे कारण. त्यांचा राग आला, अजूनही येतो. बदनामी त्रास देणाऱ्याची व्हायला हवी. शेवटी ओळखीतून एक छोटा हॉल मिळाला. दारात मोबाईल जमा करून घेतले. त्यावरून दोनचार माणसं भांडून निघून गेली. जाऊ दिली.

बायका हळूहळू, प्रत्येक चिठ्ठी वाचत पुढे सरकत होत्या. एक आजोबा मात्र तावातावानं आले. “पोरी रात्री-अपरात्री फिरतात, मग...” असं म्हणता म्हणता चिठ्ठ्यांवरच्या वेळा वाचायला लागले. सकाळचे आठ. दुपारचे दोन. संध्याकाळचे पाच, घरासमोर. पुढे काही बोलले नाहीत. नऊवारीपाशी बराच वेळ उभे होते. सांगलीतही काहीजणांची गाडी जीन्सपाशीच अडली. त्यांना शेजारचे कपडे दाखवावे लागले.

ओळखीच्या वकीलताई दिवसभर बसल्या होत्या, याचा फार उपयोग झाला. त्यांनी सांगितलं, ‘काय घातलं होतंस?’ हा प्रश्न कोर्टातही शिरतो. केरळात कोझिकोडच्या एका न्यायाधीशांनी 2022 मध्ये जामीन देताना तक्रारदार बाईच्या कपड्यांवर शेरा मारला होता. उच्च न्यायालयाला तो काढून टाकावा लागला. आता भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळाला कलम 75, पाठलागाला 78 आणि अश्लील शब्द-हावभावांना 79 आहे. यातल्या एकाही कलमात बाईच्या कपड्यांचा उल्लेख नाही. हे ऐकून एक कॉलेजची मुलगी बाजूला आली. रोज मागे येणाऱ्या मुलाबद्दल तिला तक्रार द्यायची होती. ताई तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या.

शाळकरी मुलींकडून आम्ही चिठ्ठ्या मागितल्या नाहीत, तेही ताईंच्या सांगण्यावरून. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, तर पॉक्सोच्या कलम 19 नुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं. तिथं निनावी खोकं कामाचं नाही. त्या मुलीचं नीट ऐकून पुढं नेणारं मोठं माणूस लागतं.

तुमच्या गावात हे करायचं असेल, तर आधी दुसऱ्या जिल्ह्यातली मैत्रीण शोधा आणि कपड्यांची अदलाबदल करा. नाव, फोटो काही घेऊ नका. 112 आणि 181 हे नंबर दारातच मोठ्या अक्षरात लावा. आणि कपडे बघून एखादी बोलायला आली, तर तिच्यापाशी बसायला एकजण दिवसभर मोकळी ठेवा.