पसरणीच्या घाटातले दीड लिटर पाणी

पुण्याहून पाचगणीला आपण मोटारीने अनेकदा गेला असाल. कात्रजचा बोगदा, शिरवळची नीरा, खंबाटकीचा घाट, सुरूरला उजवीकडचे वळण, वाई, आणि मग पसरणीचा घाट. मोटारीतल्या प्रवाशाला हा रस्ता गावांनी आणि वळणांनी आठवतो. सायकलस्वाराला तो पाणी मिळण्याच्या ठिकाणांनी आठवतो.

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी ‘ब्रेव्हे’मध्ये नाव घातले. हा मूळचा फ्रान्समधला प्रकार. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांच्या आत पुरे करायचे, एवढेच. पुण्याहून पाचगणी आणि परत हे अंतर जवळजवळ तेवढेच भरते.

त्या पहिल्या खेपेस मी पाठीवर बांधायची पाण्याची पिशवी घेतली, तीही तीन लिटरची. मोठी असलेली बरी, असा विचार केला होता. (आतल्या रबरी पिशवीला सायकलवाले ‘ब्लॅडर’ म्हणतात, आम्हा डॉक्टरांना तो शब्द ऐकून अंमळ हसू येते.) एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे गणित मला कात्रजच्या चढावर उमगले. शिरवळपर्यंत मान आणि खांदे भरून आले. पाठ झाकलेली असल्याने तेथला घाम वाळेना. पण खरा दोष निराळाच होता. पिशवी पाठीमागे, म्हणून आपण किती प्यालो हे दिसत नव्हते. नळी तोंडाजवळ होती, तेवढ्यावर मी पाणी पीत आहे अशी माझी समजूत झाली होती.

पसरणीच्या घाटात अकराचे ऊन लागले. पोटऱ्यांत गोळे आले, डोके जड झाले, आणि सोबतच्या तरुणाने साधा प्रश्न विचारला तर मी त्याच्यावर खेकसलो. एका वळणावर कठड्याला टेकून बसलो. खाली वाई दिसत होती, पलीकडे धोमचा जलाशय चकाकत होता. पिशवी उतरवून पाहिली, तर अर्ध्याहून अधिक पाणी तसेच होते. आणि नवल असे, की मला तहान मुळीच लागलेली नव्हती.

हे रुग्णांना सांगण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही कमी होते. म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. स्वतःच्या बाबतीत मात्र मी तिचीच वाट पाहत होतो.

पुढच्या खेपेपूर्वी मी नीट विचार करून पिशवी निवडली. या पिशवीचा उगम मोठा गमतीचा आहे. १९८९ साली अमेरिकेत टेक्सासमधील विचिटा फॉल्स येथे, ऑगस्टच्या उन्हातल्या शंभर मैलांच्या सायकल फेरीसाठी, मायकेल आयड्सन या आपत्कालीन वैद्यकीय सेवेतील गृहस्थाने सलाइनची पिशवी पाण्याने भरून लांब मोज्यात घातली, तो मोजा पाठीवर शिवला आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली. ‘कॅमलबॅक’चा जन्म त्यातून झाला. सलाइनच्या बाटल्या आयुष्यभर हाताळूनही मला हे कधी सुचले नाही!

पिशवी किती मोठी हवी, हे एकूण अंतरावरून ठरवू नये. पाणी न मिळणारा सर्वांत लांब टप्पा कोणता, ते पाहावे. वाईपर्यंत महामार्गावर चहाच्या टपऱ्या आणि ढाबे भेटतच राहतात. मला चिंता होती ती वाई ते पाचगणी या बारा-तेरा किलोमीटरच्या चढाची. मला त्याला दीड तास लागतो. तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर वजन केले, मधे प्यालेले पाणी हिशेबात धरले, तेव्हा घाम तासाला सुमारे सातशे मिलिलिटर निघाला. म्हणजे दीड लिटर पुष्कळ झाले. छातीवरचा पट्टा घट्ट बसणारी, पाठीशी जाळी असलेली, तोंड रुंद असल्याने हात घालून घासता येईल अशी पिशवी मी घेतली. तिच्यात फक्त साधे पाणी. ओआरएस सायकलच्या बाटलीत, पाकिटावरच्या प्रमाणातच. गोड पाणी नळीत राहिले की बुरशी धरते.

भसाभसा पिणेही बरे नव्हे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घटलेले आढळले, आणि त्यामागे अति पाणी पिणे हे एक मोठे कारण होते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याची मर्यादा घालून दिलेली असेल, तर ती आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून ओलांडू नये.

त्या पहिल्या ब्रेव्हेहून मी सायंकाळी घरी आलो, तेव्हा वडील कॉटवर पडून होते. दुपारी उठताना त्यांना भोवळ आली. पत्नीने सावरले म्हणून पडले नाहीत. वय त्र्याऐंशी, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. सकाळी भरलेला त्यांचा तांब्या स्वयंपाकघरात तसाच काठोकाठ होता. “प्यालं की सारखं उठावं लागतं रे,” ते म्हणाले. हे कारण मी दवाखान्यात रोज ऐकतो, घरात कधी विचारले नव्हते.

आता त्यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताशी मापाच्या रेघा असलेली पारदर्शक बाटली असते. बहुतेक पाणी सायंकाळी सहाच्या आत पोटात जाते, म्हणजे रात्री उठणे कमी होते. गोळीची वेळ त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून सकाळची करून घेतली. नळीची पिशवी त्यांनाही द्यावी असे माझ्या मनात आले होते, पण ते सोडून दिले. किती प्यालो हे तिच्यात दिसत नाही. शिवाय पक्षाघात किंवा कंपवातामुळे गिळताना ज्यांना ठसका लागतो, त्यांना पडल्या पडल्या नळीने पाणी देणे धोक्याचे असते. त्यांना बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, घोट घोट द्यावे. ठसका वरचेवर लागत असेल तर आधी तपासून घ्यावे.

यंदाच्या फेब्रुवारीत मी पुन्हा त्याच वळणावर थांबलो आणि घरी फोन लावला.

“बाबा, बाटलीत किती उरलंय?”

“निम्म्याच्या खाली आलंय. तुझं?”

मला पिशवी उतरवून पाहावे लागले.