नाना, गाडीला दम लागलाय!

शुक्रवारी रात्री ऑफिसमधली मंडळी ‘वीकएण्डचा प्लॅन काय?’ विचारतात, तेव्हा मी खरं उत्तर देत नाही. ‘गावी एक बादली, रॉकेल आणि फोमचा तुकडा घेऊन बसणार आहे,’ असं सांगितलं तर लोक काळजीच करतील ना!

पण प्लॅन तोच असतो. शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचं आणि नाश्त्याला सायखेड्यात हजर. निफाड तालुक्यातलं, गोदाकाठचं आमचं गाव. इकडे द्राक्षबागा, तिकडे ऊस, आणि रस्त्यावर कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या. माझी सेकंडहॅण्ड डर्ट बाईक इथेच, नानांच्या पडवीत मुक्कामाला असते. नाना म्हणजे माझे मोठे काका. शेतातल्या पायवाटा आणि कालव्याकडेचा कच्चा रस्ता हाच आपला ट्रॅक. एकदम मस्त!

फक्त धूळ... बाप रे, ती धूळ! ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी चांदोरी-सायखेड्यात शिरलं होतं. पूर ओसरला की मागे गाळ राहतो. तो वाळला की त्याची अशी मैद्यासारखी पूड होते, की हेल्मेटच्या आतही दातांखाली करकरते. माझ्या दातांखाली आली तर मी थुंकतो. गाडी काय करणार?

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. गेल्या उन्हाळ्यात गाडीचं पिकअप गेलं. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की नुसतीच घुसमटायची, मागून काळा धूर, अ‍ॅव्हरेजची तर वाट लागलेली. शहरातल्या एका मेकॅनिकने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, चांगलं बिल हातात ठेवलं. पंधरा दिवसांत प्लग पुन्हा काळाकुट्ट!

नानांनी गाडीचा आवाज ऐकला आणि एवढंच म्हणाले, “भाऊ, तिला दम लागलाय. नाक उघड तिचं.”

सीट काढून एअर फिल्टरचा डबा उघडला आणि लाजच वाटली. आधीच्या मालकाने बसवलेला, धुता येणारा फोमचा फिल्टर. त्यावर मातीचा चक्क थर! एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. ती सगळी या मळकट स्पंजातून ओढायची. हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून काळा धूर. इतकं साधं गणित, आणि मी इंजिनिअर!

त्या दिवशी नानांनी शिकवलं ते आता पाठ आहे. फिल्टर काढला की आधी आतल्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं, नाहीतर सैल माती थेट इंजिनात. मग फिल्टर रॉकेलमध्ये दाबून-दाबून धुवायचा. पेट्रोल नको, त्याने जोडाचा गोंद सुटतो आणि आगीची भीती वेगळीच. पिळायचा तर अजिबात नाही. शिवण उसवते. नंतर साबणाचं कोमट पाणी, आणि सावलीत वाळवण. खडखडीत वाळला की फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं मुरवायचं, कारण बारीक धूळ कोरडा फोम अडवत नाही, तेलाचा चिकटपणा अडवतो. कडेला ग्रीसचं बोट फिरवून नीट बसवायचा. आणि शेवटी डब्यातलं फडकं आठवणीने काढायचं! फोम उजेडात धरल्यावर भोक दिसलं किंवा बोटाने भुगा झाला, तर मोह न धरता नवा घ्यायचा.

“आणि कागदाचा असेल तर?” मी विचारलं.

“कागदाचा धुवायचा नसतो. बदलायचा.”

नाना इतके काटेकोर का, ते त्या संध्याकाळी कळलं. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला तेलाचा फिल्टर होता. खाली तेलाची वाटी. हवा त्या तेलावर आपटून वळते आणि धूळ तेलात अडकते. एका वर्षी घाईत कुणी ती वाटी उघडलीच नाही. आतल्या चिखलावरून धूळ सरळ पुढे गेली, रिंगा घासल्या, बोअर गेला. ऐन छाटणीच्या हंगामात इंजिन खाली उतरलं. त्या वर्षी आजीच्या पाटल्या मोडल्या. घरात हा विषय कुणी काढत नाही. नाना मात्र तेव्हापासून दर आठवड्याला वाटी उघडतात.

हे सांगता सांगता त्यांना खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबेना. कांद्याच्या चाळीत दिवसभर निवड चाललेली, फोलपटं आणि धूळ हवेत नुसती तरंगत असते. नाना तोंडाला साधा रुमालही बांधत नाहीत. “सवय आहे रे!” म्हणे.

ट्रॅक्टरला फिल्टर, माझ्या बाईकला फिल्टर. नानांना?

मी बोललो नाही. नाशिकला डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली, आणि पुढच्या शनिवारी बाईकच्या नव्या फोमबरोबर चांगल्या मास्कचा एक खोकाही आणला. नानांनी एक मास्क उलटापालटा करून पाहिला, नाकाला लावला, काढला.

“धुता येतो का?”

“नाही नाना. कागदी फिल्टरसारखाच. मळला की बदलायचा.”

ते काही बोलले नाहीत. दुपारी चाळीत डोकावलो, तर मास्क गळ्यात लोंबत होता. चला, निदान गळ्यापर्यंत तरी आला! संध्याकाळी पुन्हा गेलो, तेव्हा नाकावर होता.

डॉक्टरांकडे येत्या शनिवारी जायचंय. त्या दिवशी बाईक पडवीतच राहील. फिल्टर मात्र धुऊन, तेल लावून तयार आहे.