कंबर सोडून बोल

डोंबिवली,
श्रावणातला पहिला रविवार

प्रिय मनू,

काल फोनवर तू पाच-सहा वेळा ‘कंबर’ म्हणालीस. कंबर धरलीय, कंबर भरून येते, सातव्या महिन्यात सगळ्यांचीच दुखते, त्यात काय एवढं. आणि मध्येच सहज बोलून गेलीस की सलवार घालायला भिंत धरावी लागते, आणि शाळेचा जिना उतरताना एक पाय पायरीवर ठेवून दुसरा तिथंच आणावा लागतो, बालवाडीतली पोरं उतरतात तसा. बाई गं, हे कंबरेचं नाही. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तुझा फोन स्पीकरवर होता आणि तुझ्या सासूबाई तिथंच भाजी निवडत होत्या. म्हणून पत्र. पत्र कुणी स्पीकरवर टाकत नाही.

मीही चार महिने ‘कंबर’च म्हणत होते, छकुली पोटात असताना. खरं दुखायचं ते पुढे, ओटीपोटाच्याही खाली, दोन जांघांच्या मधलं जे हाड आहे तिथं. आणि मागे कंबरेखाली जिथं खळी पडते तिथं, उजवीकडे. तिथून चमक निघायची ती कुल्ल्यातून मांडीच्या मागे. पण हे सांगणार कुणाला आणि कसं? डॉक्टरांनी ‘कुठं दुखतंय?’ विचारलं की शेजारच्या खुर्चीत कुणी ना कुणी बसलेलं असायचं, आणि माझ्या तोंडून ‘कंबर’ निघायचं. आपल्याकडे दुखण्याला शब्द किती आहेत बघ: कळ, चमक, सणक, ठणका, उसण, ठसठस, मुंग्या. एकेक इतका नेमका की नीट वापरला तर डॉक्टरांचं अर्धं काम होईल. जागेचे शब्दही आहेत, पण ते शिव्यांत गेलेत, चारचौघांत काढायची सोय नाही. ओटी आपण नारळानं, खणानं, तांदळानं भरतो, सवाष्णी बोलावून. तिच्याच चार बोटं खाली दुखलं की म्हणायचं, कंबर.

मग इलाजही कंबरेचेच झाले. आधी ज्या दवाखान्यात जात होते तिथं कॅल्शियमच्या गोळ्या वाढवल्या आणि सांगितलं, ‘बाळ शिरेवर बसलंय, बाळंत झालात की सुटेल.’ घरात कुणाच्या तरी ओळखीचा एक हाड बसवणारा निघाला. त्यानं म्हणे गावातल्या अर्ध्या कंबरा सरळ केल्या होत्या. मी गेले नाही ही माझ्या हट्टीपणाची एकमेव कमाई. तूही जाऊ नकोस. या दिवसांत सांधे आधीच सैल असतात, त्यांना झटके द्यायचे नसतात.

शेवटी तिसाव्या आठवड्यात एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी नवऱ्याला बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या, ‘तोंडानं सांगू नका, बोट ठेवा.’ मी एक बोट पुढे ठेवलं, एक मागे. पाच मिनिटांत त्यांनी मला पाठीवर झोपवून एकेक पाय सरळ वर उचलायला लावला, तो उचलेना. मग दोन्ही हातांनी माझी कुल्ल्याची हाडं बाजूंनी घट्ट दाबून धरली आणि म्हणाल्या, ‘आता उचला.’ पाय उचलला गेला. मनू, मला रडू आलं. चार महिने मी स्वतःला नाजूक समजत होते.

त्यांनी सांगितलं ते असं. कंबरेखालचा सांगाडा म्हणजे हाडांचं एक कडं. त्याला पुढे एक सांधा, मागे दोन. पुढच्या सांध्यात एरवीही चार-पाच मिलिमीटरची फट असते, कूर्चेनं भरलेली. गरोदरपणात ती दोन-तीन मिलिमीटरनं वाढते, आणि ते सगळ्यांचंच होतं. सगळ्यांचं दुखत मात्र नाही. तिन्ही सांधे सारखे हलले नाहीत, एक जास्त सरकला नि दुसरा अडून राहिला, की दुखतं. याला ‘पेल्विक गर्डल पेन’ म्हणतात, आणि पाचातल्या एकीला तरी कमी-अधिक होतं. तुझ्या स्टाफरूममध्ये नजर टाक आणि मनातल्या मनात मोज.

सांधे सैल करणारं जे संप्रेरक, ‘रिलॅक्सिन’, त्याचा शोध लागला १९२६ साली. फ्रेडरिक हिसॉ नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं गाभण गिनीपिगच्या रक्तातला द्रव दुसऱ्या, गाभण नसलेल्या गिनीपिगला टोचला आणि तिच्या कंबरेचे बंध सैल पडले. तेव्हापासून सगळं खापर त्या बिचाऱ्या रिलॅक्सिनवर फुटतं. पण ते ज्यांच्या रक्तात जास्त त्यांचं जास्त दुखतं असं काही साधं गणित नाही. वाढलेलं वजन, पुढे गेलेला तोल, पूर्वी कधी कंबरेवर पडली असशील तर ते, दिवसभराचं उभं राहणं, असं सगळं मिळून होतं. तू आठवीत असताना सायकलवरून ओढ्यात पडली होतीस, ते फिजिओथेरपिस्टकडे जाशील तेव्हा जरूर सांग.

आता शिरेचं. आपल्याकडे ‘शीर’ म्हणजे सगळंच, रक्ताचीही आणि संवेदनेचीही. बाळ जिच्यावर बसलंय म्हणाले, ती संवेदनेची. कंबरेच्या खालच्या मणक्यांतून आणि त्रिकास्थीतून तिची मुळं निघतात, कुल्ल्यातल्या एका स्नायूखालून ती मांडीच्या मागे उतरते. जवळजवळ अंगठ्याएवढी जाड, शरीरातली सर्वांत जाड. चरक-सुश्रुतांनी तिच्या दुखण्याला ‘गृध्रसी’ म्हटलंय. गृध्र म्हणजे गिधाड; रोगी गिधाडासारखा चालतो म्हणून ते नाव, असं सांगतात. मला ऑफिसात बदक म्हणायचे, तेव्हा हे माहीत असतं तर बढती मागितली असती. पण खरी गृध्रसी, म्हणजे सायटिका, गरोदरपणात क्वचित होते. बाळ शिरेवर बसलंय हे सगळे म्हणतात, पण बहुतेकींची ती चमक मागच्या सांध्याचीच असते. चमक गुडघ्याच्या वर थांबत असेल तर बहुधा सांधा. गुडघ्याच्या खाली, पोटरीतून पावलापर्यंत वीज जात असेल, मुंग्या येत असतील, तर शीर. तुझी कुठवर जाते ते बघ आणि लिहून ठेव.

सगळ्यांत जीव जातो तो रात्री कूस बदलताना. माझी ती वेळ आली की मी आधी पाच मिनिटं नुसती छताकडे बघायचे. याचं कारण मला फार उशिरा कळलं: सुती गाऊन सुती चादरीला धरून राहतो. तू वळतेस, गाऊन वळत नाही, मग अर्धं अंग पुढे आणि अर्धं मागे, आणि बरोबर त्या सांध्यात पीळ. खाली गोधडी असेल तर बघायलाच नको. यावर औषध सापडलं आजीच्या ट्रंकेत. ते मोरपंखी नायलॉनचं पातळ आठवतं? जे आजीच्या अंगावरून सारखं घसरायचं आणि ती ‘मेलं अंगावर ठरतच नाही’ म्हणायची, तेच. ते चौघडी करून कुल्ल्यांखाली आडवं अंथरलं, कडा गादीखाली खोचल्या, आणि पहिल्या रात्री मी इतक्या सहज वळले की नवऱ्याला उठवून पुन्हा वळून दाखवलं.

वळायची रीत अशी. दोन्ही गुडघे वाक, मध्ये दहाची नोट धरलीय आणि ती पडू द्यायची नाही असे घट्ट जुळव, श्वास सोड, आणि खांदे, कंबर, गुडघे एकदम वळव. ओंडका वळतो तसं. उठताना आधी कुशीवर, मग दोन्ही पाय एकत्रच पलंगाखाली सोडून हातांनी अंग वर रेटायचं. झोपताना गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत मध्ये उशी. मी दिवाणखान्यातला लोड पळवला होता, पाहुण्यांना काय टेकायचं ते टेकोत. दिवसाही तीच नोट लक्षात ठेव. रिक्षात, गाडीत आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. सलवार बसून घाल, भिंत धरून नाही. एका पायावर उभं राहणं या दुखण्याला अजिबात खपत नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. आणि स्कूटरवर टांग टाकून बसणं आता बंद.

फरशीचं तू अर्धवट बोललीस, पण मला कळलं. ‘उकिडवं बसून फरशी पुसली की बाळंतपण सोपं होतं’ हे मलाही ऐकवलं होतं. तुझ्या सासूबाईंना वाईट म्हणायचं कारण नाही. त्यांचं आयुष्य जमिनीवर गेलं, चूल खाली, विळी खाली, न्हाणी खाली, आणि ज्यांचं दुखत नाही त्यांना उकिडवं बसल्यानं काही होत नाही. तुझं दुखतंय, एवढाच मुद्दा. मांडी, उकिडवं, विळीवर एक पाय दुमडून बसणं, यांत ते कडं उघडतं किंवा पिळतं. ओट्याशी उंच स्टूल ठेव, सुरी घे. संडास भारतीय असेल तर वरची खुर्ची मिळते, ती आणायला सांग. लाजू नकोस, ती पुढे घरातल्या गुडघ्यांच्याही कामाला येते.

माझ्या डोहाळजेवणाचे फोटो तू पाहिलेस. चंद्रात बसलेय, फुलांचा मुकुट, चेहरा कसा प्रसन्न. फोटोग्राफर म्हणाला, ‘ताई, जरा मांडी घाला, साडी पसरेल छान.’ घातली. पाऊण तास. मग पेढा-बर्फीच्या वाट्या समोर आल्या आणि मला उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उचललं, सगळ्या हसल्या, कुणीतरी म्हणालं, ‘बाळ वजनदार दिसतंय, मुलगा गं.’ पेढाही निघाला, तो वेगळा विनोद. मी हसत हसत आतल्या खोलीत गेले आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले. तुझ्या कार्यक्रमाला मी येणार आहे, आणि खुर्ची मी ठेवणार आहे. चंद्र मागे लावा.

व्यायाम मी पत्रात लिहीत नाही. ते समोर बसून शिकायचे असतात, आणि तुझे माझ्यापेक्षा वेगळे असतील. पट्टाही तसाच, कुठला, किती घट्ट, किती वेळ, हे फिजिओथेरपिस्टनीच ठरवायचं. तुमच्या गावात नसेल तर साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट नक्की मिळतील, बाळंतपणाच्या दुखण्यांचा अनुभव आहे का तेवढं विचार. गोळी लागली तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून. मामाच्या खणातली गुडघेदुखीची गोळी अजिबात नको. त्या जातीची औषधं या महिन्यांत बाळाला बाधू शकतात. गरम पिशवी मागे चालेल, पोटावर नको.

रजेचं बोलते, कारण तू सगळी रजा बाळ झाल्यावर घ्यायची म्हणून साठवतेयस. कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात, त्यातले ८ आधी घेता येतात. पण गरोदरपणातून आलेल्या आजारासाठी वर आणखी महिनाभर पगारी रजेची तरतूद आहे, दाखला जोडून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या शाळेला कुठले नियम लागू आहेत ते हेडक्लार्कना विचार, आणि तोवर वर्गात खुर्ची घे. बसून शिकवलं म्हणून गुणाकार चुकत नाही.

आता हे नीट वाच. ज्या भागावर आपण बसतो तो बधिर वाटायला लागला, लघवी अडली किंवा कळत नकळत झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर फिजिओ-बिजिओ नाही, थेट दवाखाना, त्याच तासाला. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागली, तरी तसंच. अंगावर लाल गेलं, पाणी गेलं, ताप आणि लघवीला जळजळ झाली, किंवा दुखणं लाटांसारखं ठरावीक वेळानं यायला लागलं, तर ‘कंबरच आहे’ म्हणून थांबायचं नाही.

आणि बाळंतपणाला घाबरू नकोस. या दुखण्यापायी सिझेरियनच करावं लागतं असं नाही. माझं नाही झालं. मी कुशीवर बाळंत झाले, वरचा पाय नर्सबाईंनी धरला होता. नंतर बटण दाबल्यासारखं काही थांबलं नाही. तीन महिने लागले, पण आठवड्यागणिक उतरत गेलं. बहुतेकींचं असंच उतरतं. काहींचं रेंगाळतं, त्यांनी अंगावर काढायचं नसतं.

पातळ धुऊन, घडी करून पार्सलमध्ये ठेवलंय, सोबत मेतकूट आहे. उद्या रात्री नऊनंतर गच्चीत जाऊन फोन कर, पण लिफ्ट असेल तरच. नाहीतर अंगणात.

तुझी,
ताई

ता.क. शिवणाच्या डब्यातली टेप घे. पलंगाच्या कडेला बसून गुडघे न दुखता जितके लांब जातील तितके ने आणि मधलं अंतर तुझ्या नवऱ्याला, रोहनला, मोजायला सांग. आकडा फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि बाळंतपणाच्या खोलीत तो सगळ्यांना सांगायचं काम त्याला दे. पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं तर तुला दुखल्याचं कळणार नाही आणि कुणीतरी पाय त्यापलीकडे ताणेल. माझा आकडा दीड वीत होता. लेबर रूमच्या दारात नवऱ्यानं तो तीनदा ओरडून सांगितला. बाहेरच्या बाकावरच्या लोकांना वाटलं, बाळाची उंची.