'गिव्ह अप' : सोडणे आणि हरणे



आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. इंग्रजी क्रियापदे आम्ही हिंदी अर्थासह पाठ केली. 'गिव्ह अप' म्हणजे 'छोड़ देना', एवढेच वहीत असे. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, यांची बेरीज करून हा अर्थ निघत नाही. त्यात नवल नाही. आपल्या मराठीतही 'हरवून बसणे' यात कोणी बसत नाही आणि 'विसरून जाणे' यात कोणी कुठे जात नाही!

या क्रियापदाचे दोन अर्थ नीट ओळखावेत. 'ही गेव्ह अप स्मोकिंग' म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. नुसते 'ही गेव्ह अप' म्हटले तर त्याने हार मानली. पुढे क्रिया आली तर 'स्मोकिंग' म्हणावे, 'टु स्मोक' नाही. 'इट' मात्र मध्ये येते : 'गिव्ह इट अप'.

हा फरक समजण्यासाठी देवासचेच उदाहरण घ्या. पं. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असताना येथील कोरड्या हवेसाठी आले. डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. काही वर्षे त्यांचे गाणे थांबले, पण कान थांबले नाहीत. अंथरुणावरून ते माळव्याची लोकगीते ऐकत राहिले. त्या धुनांतून पुढे त्यांनी नवे राग बांधले आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. इंग्रजीत सांगायचे तर, 'ही गेव्ह अप सिंगिंग, बट ही डिड नॉट गिव्ह अप.' हे वाक्य मुलांनी वहीत जरूर लिहावे.

आता पालकांसाठी. "सर, इंग्रजी जड जाते, मराठी सोडू द्या," असे काही पालक आम्हाला सांगतात. त्यांची काळजी आम्ही समजतो. पुढे नोकरीचा प्रश्न असतो. पण मराठी सोडल्याने इंग्रजी येत नाही. ती रोजच्या सरावानेच येते. त्यासाठी सोडायचाच तर मोबाईलचा एक तास सोडावा. अठराव्या शतकात पवारांबरोबर धार-देवासला आलेल्या घराण्यांनी हिंदी आणि माळवी आपलीशी केली, पण घरातली मराठी सोडली नाही. आपल्या मुलांना तिसरी भाषाही पेलेल, फक्त आपण हार मानू नये.